सक्युलंटच्या कुंड्यांतली रस शोषणारी कीड : खान्देशच्या उन्हात उपचार कोणत्या क्रमाने करायचे

फेब्रुवारी सरत आला की ओळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात, तक्रार सक्युलंटची, म्हणजे जाड पानांत-खोडांत पाणी साठवणाऱ्या झाडांची. जेडची पानं गळतायत, एकेवेरियाच्या गाभ्यात कापसासारखं काहीतरी दिसतंय, कोरफडीला हात लावला तर चिकट लागतंय. काय केलं म्हणून विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा तेच असतं : "भो, निंबोळी तेल मारलं, आठ दिवस बरं होतं, परत आलं." कुणी ते भर दुपारी मारलेलं असतं, कुणी त्यात कपडे धुण्याची पावडर टाकलेली असते, कुणी शेतातल्या खोलीतून कपाशीचं उरलेलं औषध आणलेलं असतं.

मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही नावं खान्देशात कुणाला शिकवावी लागत नाहीत. पण शेतात चालणारी रीत कुंडीत तशीच चालत नाही. कपाशीचं पान उघडं असतं, फवारा त्यावर बसतो. सक्युलंटची पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात, आणि कीड नेमकी पाण्याचा थेंब पोचणार नाही अशा सांदीत बसते. वर तिच्या अंगावर मेणाचा थर. म्हणून इथे हाताने सफाई आधी आणि फवारणी नंतर. घाईत हाच क्रम उलटा होतो.

आधी सामान जमवा

उपचार सुरू केल्यावर धावाधाव नको. औषधाच्या दुकानातून ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा. 'सर्जिकल स्पिरिट' या नावाखाली वेगवेगळे द्रव मिळतात, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचूनच घ्या. हात धुण्याचं जेलसारखं सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन पानावर चिकटून राहतं. ९९ टक्क्यांचं मिळालं तर ७ भाग अल्कोहोलात ३ भाग पाणी घाला. निव्वळ अल्कोहोल फार लवकर उडून जातं. पाण्यामुळे ते किडीच्या अंगावर थोडं जास्त वेळ टिकतं.

शिवाय कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, मऊ झालेला जुना टूथब्रश, सुई काढलेली २ किंवा ५ मिलीची सिरिंज, भिंग, पांढरा कागद, रबरी हातमोजे आणि बारीक फवारा देणारी बाटली. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा, बऱ्यापैकी काम होतं.

पाण्याकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा साका तयार होतो. तो साका पानावर डाग पाडतो आणि किडीला काही करत नाही. फवाऱ्यासाठी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा.

⚠ अल्कोहोल पेट घेतं. देवघरातला दिवा, अगरबत्ती आणि गॅसची शेगडी यांच्यापासून लांब, खिडकी उघडी ठेवून काम करा. मे महिन्यात बाटली गच्चीवर उन्हात विसरू नका.

१. कुंडी वेगळी करा

शंका आली त्याच दिवशी कुंडी बाकीच्यांपासून दूर न्या. नक्की काय आहे ते नंतर बघू. पिठ्या ढेकणाची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं इतकी बारीक असतात की डोळ्यांना जेमतेम दिसतात. ती पानावरून पानावर चालत जातात आणि वाऱ्यानेही उडून पसरतात. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात कुंड्यांची रांग मांडलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिल्या कुंडीतली कीड शेवटच्या कुंडीपर्यंत पोचायला तो झोत पुरतो.

वेगळी जागा सावलीची, उजेडाची आणि मोकळ्या हवेची हवी. पश्चिमेची गॅलरी नको.

नवीन आणलेल्या रोपालाही हाच नियम. रोपवाटिकेतून आणा की बहिणीच्या घरून फांदी आणा, ३० दिवस ते बाकीच्यांत मिसळू नका.

२. कोण आहे ते ओळखा

इथे दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. चुकीच्या ओळखीवर केलेला उपचार महिना वाया घालवतो.

*पिठ्या ढेकूण* : पानाच्या बगलेत, खोडाच्या सांध्यात, गाभ्यात पांढरे कापसाचे पुंजके. आत गुलाबी-राखाडी, चपटं, लंबगोल शरीर. घरातल्या सक्युलंटवर सर्वांत जास्त हीच कीड येते.

*खवले कीड* : खोडावर किंवा पानाच्या शिरेवर तपकिरी, फुगीर ठिपका. झाडाचाच भाग वाटतो. नखाने उचकला तर निघतो.

*मावा* : बहुधा फुलाच्या दांड्यावर. कलांचो आणि एकेवेरियाचा दांडा वर आला की त्यावर हिरवे किंवा काळे घोळके दिसतात.

*लाल कोळी* : हा कीटक नाही, आठ पायांचा कोळीवर्गातला जीव आहे. ऊन तापून हवा कोरडी झाली की वाढतो, म्हणजे आपल्याकडे मार्च ते जून त्याचाच काळ. पान निस्तेज, बारीक ठिपक्यांचं दिसतं, जोर वाढला की तलम जाळी. निवडुंगावर शेंड्याकडून तपकिरी, खरबरीत पट्टा पसरतो.

*मुळांवरचा पिठ्या ढेकूण* : वर काहीच दिसत नाही. झाड नुसतं रोडावतं, पाणी दिलं तरी पानं सुरकुतलेलीच राहतात. हॉवर्थियावर हमखास.

आता ज्यांना लोक कीड समजून घासतात, पण जी कीड नसते, त्या दोन गोष्टी.

एकेवेरिया आणि तिच्या जातभाईंच्या पानावर निळसर-पांढरी भुकटी असते. ती झाडाने स्वतः तयार केलेली मेणाची साय आहे. उन्हापासून आणि पाण्यापासून ती झाडाला वाचवते. ती सगळ्या पानावर सारखी पसरलेली असते. कीड मात्र गाठीगाठींनी आणि सांदीत असते. ही साय पुसली तर त्या पानावर पुन्हा येत नाही.

दुसरी गोष्ट जेडची. जेडच्या पानावर बारीक पांढरे ठिपके दिसतात. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येतं, ते सुकलं की त्यातले क्षार तिथे उरतात. जड पाणी घालणाऱ्यांच्या जेडवर ते जास्त. ओल्या फडक्याने पुसले की जातात.

✔ तपासा : अल्कोहोलात बुडवलेली काडी पांढऱ्या पुंजक्याला टेकवा. मेण विरघळून खालचं तपकिरी-तांबूस शरीर दिसलं तर पिठ्या ढेकूण. कोळ्यासाठी पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालायला लागले तर कोळी आहे.

३. मुंग्यांची वाट तोडा

रस शोषणारी बरीचशी कीड जास्तीची साखर चिकट द्रवाच्या रूपात अंगाबाहेर टाकते. कोरफडीला हात चिकटतो तो यामुळे, आणि पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी धरते. मुंग्या या गोड द्रवासाठी येतात, किडीला राखतात, तिच्या शत्रूंना हाकलतात. मुंग्या फिरत असताना केलेला उपचार अर्धाच राहतो.

जुन्या घरांत जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, तीच युक्ती इथे करा. ताटलीत पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, मधोमध उपडी वाटी किंवा विटेचा तुकडा, त्यावर कुंडी. कुंडीचं बूड पाण्यात बुडता कामा नये आणि पान भिंतीला टेकता कामा नये. मुंग्यांना एका पानाचा पूल पुरतो.

मातीतून मुंग्यांची रांग निघत असेल तर थांबा. कुंडीतच वारूळ आहे. अशा कुंडीचं काम थेट ५ व्या टप्प्यापासून करा, ४ था त्यानंतर.

४. हाताने सफाई

सगळ्या उपचाराचा कणा हा टप्पा आहे. मला एका मध्यम एकेवेरियाला अर्धा तास लागतो, आणि तेवढा द्यावाच लागतो.

आधी खालची सुकलेली पानं काढून टाका. पिठ्या ढेकणाचं हे आवडतं घर. माव्याने भरलेला फुलाचा दांडा असेल तर वाचवत बसू नका, बुडापासून कापून पिशवीत बांधा.

मग अल्कोहोलची चाचणी. खालच्या एका पानाला लावा आणि ४८ तास वाट बघा. पान काळं किंवा पारदर्शक पडलं नाही तर पुढे जा. दोन दिवसांत कीड झाड खाऊन टाकणार नाही.

आता एकेका पुंजक्याला ओली काडी टेकवा, दोन-तीन सेकंद थांबा आणि उचला. घासू नका. घासलं की अंड्यांची पिशवी फुटून पसरते आणि पानाची साय जाते. काडी घाण झाली की बदला. काडी पोचणार नाही अशा गाभ्यात सिरिंजने एक-दोन थेंब सोडा आणि मिनिटभराने फुंकून काढा. गाभ्यात ओल साचली तर कीड जाऊन झाड कुजेल.

खवले किडीला अल्कोहोल लावून मिनिटभर ठेवा, मग टूथब्रशने किंवा नखाने खरवडा. मेल्यावरही ती आपोआप पडत नाही, म्हणून खरवडलं नाही तर पुढच्या आठवड्यात जिवंत कोणती आणि मेलेली कोणती हे कळत नाही.

लाल कोळ्यावर काडीचा उपयोग नाही. झाड आडवं धरून पानांच्या खालून पाण्याची जोरदार धार मारा. माती बाहेर येऊ नये म्हणून कुंडीच्या तोंडाला प्लास्टिक बांधा.

⚠ युफोर्बिया आणि शेर यांच्या चिकाने डोळ्यांना गंभीर इजा होते. हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा, आणि पोरांना जवळ उभं करू नका.

⚠ अल्कोहोल मातीत ओतू नका. त्याने मुळं मरतात.

✔ तपासा : सफाईनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगातून बघा. चार-पाच पुंजके सुटलेले दिसतीलच. ते आत्ताच टिपा.

५. मुळं बघा

वर कितीही सफाई केली आणि खाली कीड राहिली तर महिन्याभरात ती परत वर येते. म्हणून पिठ्या ढेकूण सापडलेली प्रत्येक कुंडी एकदा उलटी करून बघावी, असं माझं ठाम मत आहे. कोरड्या मातीत गोळा सहज निघतो.

कुंडीच्या आतल्या भिंतीवर किंवा मुळांवर निळसर-पांढरा मेणचट लेप दिसला तर कीड आहे. कुंडीच्या मिश्रणात घातलेल्या परलाइटचे पांढरे दाणे बोटांत कचकच लागतात. किडीचा कण दाबला की ओला होतो, मेण बोटावर पसरतं.

कीड निघाली तर सगळी माती काढा. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, कुजलेली आणि फार भरलेली मुळं कापा. झाड सावलीत उघडं ठेवून वाळवा : उन्हाळ्यात ४ ते ५ दिवस, पावसाळ्यात आठवडाभर. सक्युलंटला हे चालतं. या दिवसांत दया येऊन पाणी घालणं ही मोठी चूक. कापलेली मुळं ओल लागली की सडतात.

प्लास्टिकची कुंडी साबणाने घासून उन्हात ठेवा. मातीची कुंडी भिजत घालून घासा आणि उकळतं पाणी ओता, कारण तिच्या छिद्रांत मेण आणि अंडी राहतात.

नव्या मिश्रणात शेतातली काळी माती नको. ती ओल धरते, सुकली की आवळते. जाड वाळू, विटांचा बारीक चुरा आणि थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत, बस. युरियाचं पाणी अजिबात नको. नत्र जास्त झालं की कोवळी, रसाळ वाढ येते आणि त्यावर मावा तुटून पडतो, हे कपाशीवाल्याला सांगायला नको. कोरडं लावा, पहिलं पाणी आठवड्याने.

६. फवारणी, आणि तीही वेळ बघून

आता फवारा. त्याचं काम एवढंच की सफाईतून सुटलेली पिल्लं मारायची.

साबण वापरायचा असेल तर शेती-औषधांच्या दुकानात मिळणारा पोटॅशियमयुक्त कीटकनाशक साबण घ्या, प्रमाण लेबलवरचं. कपड्यांची पावडर पान जाळते. साबण ओला असेपर्यंतच काम करतो आणि किडीच्या अंगावर पडला तरच करतो. दोन-तीन तासांनी साध्या पाण्याने धुऊन टाका. जेड आणि 'युफोर्बिया मिली' (क्राउन ऑफ थॉर्न्स) ही झाडं साबणाला नाजूक आहेत. त्यांना फक्त काडी आणि पाणी.

निंबोळी तेलाची कृती अशी. अर्धा कप कोमट पाण्यात १ ते २ मिली द्रव साबण ढवळा. त्यात तेल थेंबथेंब सोडत ढवळत राहा, दुधासारखं झालं पाहिजे. मग उरलेलं पाणी घालून एक लिटर करा. शेतात लिटरला ५ मिली तेल घेतात, सक्युलंटला मी ३ मिलीच्या वर जात नाही. तेलाचे थेंब वर तरंगत असतील तर तो फवारा मारू नका, ते थेंब पान भाजतात. त्याच दिवशी वापरा, उरलेलं ठेवू नका. साबण नको असेल तर रिठ्याचं गाळलेलं पाणी चालतं. ते जड पाण्यातही फेस देतं.

एकेवेरियासारख्या साय असलेल्या पानांवर तेल आणि साबण दोन्ही टाळा. साय धुऊन जाते, आणि साय गेलेलं पान आपल्या उन्हात दोन दिवसांत करपतं.

वेळेबद्दल लक्षपूर्वक वाचा. तापमान ३२ अंशांच्या वर असताना तेल मारलं तर पान भाजण्याचा धोका मोठा. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. म्हणून एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मी तेलाची बाटली उघडतच नाही. त्या दिवसांत अंधार पडल्यावर अल्कोहोलची काडी आणि कोळ्यासाठी पाण्याची धार, एवढंच. एकदा मार्चअखेरीला सकाळी दहाला मारलेल्या तेलाने माझ्या अकरा कुंड्या भाजल्या. त्यातल्या सात गेल्या. अजून हळहळ वाटते.

पावसाळ्यात सकाळी लवकर फवारा, म्हणजे संध्याकाळपर्यंत गाभा सुकतो. हिवाळ्यातही सकाळीच. धुळे-नंदुरबारच्या थंड रात्री ओल्या गाभ्याला बुरशी धरते. कोणत्याही ऋतूत फवाऱ्यानंतर तीन दिवस थेट ऊन नको.

⚠ लाल कोळ्यासाठी गंधक मारायचा सल्ला मिळेल. कडक उन्हाळ्यात गंधकही पान जाळतं, आणि तेल मारल्याच्या आगेमागे तर मुळीच नको.

⚠ शेतातली औषधं घरात आणू नका. बंद खोलीत, पोरं-म्हातारी माणसं वावरतात तिथे, चार कुंड्यांसाठी डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेलं, म्हणजे सर्वांत जहाल विष वापरण्यात काही अर्थ नाही. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाने कोळी तर मरतही नाही. ज्या कोरफडीचा गर केसांना लावता किंवा खाता, तिला तर हात लावू देऊ नका.

७. तारखा लिहून ठेवा

'परत आलं' याचं खरं कारण इथे आहे. पिठ्या ढेकणाची मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. त्या मेणाखालच्या अंड्यांना साबण लागत नाही, तेलही नीट लागत नाही. तुम्ही आज मोठी कीड मारता, आठवड्याभरात पिल्लं निघतात. ती मोठी होऊन अंडी घालायच्या आत गाठली पाहिजेत.

पिठ्या ढेकूण आणि खवले किडीसाठी उपचाराची खेप १, ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी. उन्हाळ्यात पिढी लवकर पुरी होते, म्हणून अंतर ५ दिवसांवर आणा आणि खेपा वाढवा, महिना भरलाच पाहिजे. लाल कोळ्यासाठी दर ३ ते ४ दिवसांनी धार, तीन आठवडे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करा. तिसऱ्या खेपेला झाड स्वच्छ दिसतं आणि लोक थांबतात. तिथे थांबू नका.

✔ तपासा : कोळ्याने पाडलेले तपकिरी डाग कधीच जात नाहीत. झाड सुधारतंय का हे शेंड्याच्या नव्या वाढीवरून ठरवा.

८. कीड आली कुठून ते शोधा

कुंडी स्वच्छ होत असताना तिची जुनी जागा पुसून घ्या : फळीच्या फटी, ताटल्या, खिडकीची चौकट. मग बाहेर बघा. अंगणातली जास्वंद, परसातली भेंडी, कंपाउंडलगतचं गाजर गवत ही पिठ्या ढेकणाची कोठारं आहेत. गावात शेताला लागून घर असेल तर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटायच्या दिवसांत कुंड्यांवर जास्त लक्ष ठेवा. उभं पीक गेलं की कीड दुसरीकडे वळते.

जास्वंदीवर एखादी पांढरी, झुबकेदार, पिठ्या ढेकणाहून मोठी आणि भराभर चालणारी अळी दिसली तर मारू नका. ती क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी असते आणि पिठ्या ढेकूण खाते.

९. कोणतं झाड सोडून द्यायचं

गाभा काळा पडला, खोड मऊ लागलं किंवा महिन्याच्या दोन पूर्ण फेऱ्यांनंतरही कीड निघत राहिली तर बाकीच्या कुंड्यांचा विचार करा. निरोगी शेंडा किंवा चार-पाच पानं काढा, प्रत्येकाला अल्कोहोलने पुसा, आठवडाभर सावलीत वाळवून नव्या मिश्रणात लावा. तेही ३० दिवस वेगळंच. उरलेलं झाड पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. ते गांडूळखताच्या खड्ड्यात किंवा तुळशीच्या बुडाशी टाकू नका.

जुनी माती फेकायचा जीव होत नसेल तर ती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थरात पसरा, तोंड बांधा आणि एप्रिल-मेमध्ये चार आठवडे गच्चीवर ठेवा. आठवड्यातून एकदा पिशवी उलटी करा. पावसाळ्यात ती माती सक्युलंटला न वापरता झेंडूला घाला.